छताचे उष्णतानिरोधन

छताचे उष्णतानिरोधन : घराच्या छतातून होणारे उष्णतेचे संक्रमण मंदावण्यासाठी छतावर किंवा छताखाली मंदवाहक पदार्थाचा थर अथवा हवेची पोकळी ठेवण्याच्या योजनेस ही संज्ञा आहे. थंड देशांत माळ्यावर काचलोकर किंवा खनिज लोकर अंथरतात, ती खोलीतील ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. मराठवाड्यात हेच कार्य मुख्यतः उलट दिशेने, म्हणजे उन्हाची उष्णता आत येऊ नये यासाठी, साधावे लागते. परभणी जिल्ह्यातील मानवत हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव व त्याचा परिसर येथील घरांवरून या प्रश्नाचे स्वरूप चांगले स्पष्ट होते.

छताचे महत्त्व : मानवत सुमारे १९° उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या मध्यास सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर येतो. त्या दिवसांत भिंतींवर ऊन तिरपे व काही तासच पडते. सपाट छतावर मात्र ते सकाळपासून सायंकाळपर्यंत पडत राहते. या भागात एप्रिल-मेमध्ये हवेचे तापमान अनेकदा ४२° से.च्या पुढे जाते आणि उघड्या काँक्रीटचा पृष्ठभाग ६०° से.च्या आसपास तापू शकतो. त्यामुळे एकमजली घरात शिरणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा छताचाच असतो.

छतांचे प्रकार : परिसरातील जुनी घरे माळवदाची असत. तुळया व कड्यांवर फळ्या घालून त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर चोपून बसवीत. ३० सेंमी. जाडीच्या थरातून उष्णता पार होण्यास दहा-अकरा तास लागतात. दुपारच्या उन्हाची झळ आत पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटते व तोवर तिचा जोरही ओसरलेला असतो. मात्र एवढ्या थराचे वजन दर चौ. मी.स सुमारे ५०० किग्रॅ. भरते. गळती थांबविण्यासाठी पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकण्याच्या प्रथेमुळे ते आणखी वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर-धाराशिव भागात झालेल्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८,००० माणसे मृत्यू पावली. मातीत रचलेल्या दगडी भिंती व त्यांवरील माळवदाचा भार ही या प्राणहानीची प्रमुख कारणे ठरली.

आता माळवदाच्या जागी बहुधा लोखंडी पत्रा किंवा काँक्रीटचे छत आढळते. पत्र्याचे वजन दर चौ. मी.स जेमतेम ४–५ किग्रॅ. असते, परंतु तो मिनिटांत तापतो व खालच्या बाजूने माणसांवर प्रारणाने उष्णता टाकतो. १२ सेंमी. जाडीच्या काँक्रीटमधून उष्णतेची लाट तीन-चार तासांत आत येते. म्हणजे दुपारी साठलेली उष्णता नेमकी सायंकाळी व रात्रीच्या पूर्वार्धात घरात उतरते. भूकंपाच्या दृष्टीने सुधारलेले छत उन्हाच्या दृष्टीने मात्र उघडे पडले, असा हा पेच आहे.

गरज ओळखण्याच्या खुणा : दुपारी सर्वच घरे तापतात, म्हणून परीक्षा सूर्यास्तानंतर करावी. (१) रात्री नऊ-दहाच्या सुमारास बाहेरची हवा निवळल्यावरही खोलीतील तापमान तिच्यापेक्षा बरेच अधिक राहणे. ही तुलना साध्या तापमापकानेही करता येते. (२) छताखाली तळहात नेला असता धग जाणवणे, किंवा छताचा स्पर्श आतील भिंतीपेक्षा गरम लागणे. (३) पंखा सुरू करताच गरम हवा खाली येणे. (४) दुमजली घरात वरच्या व खालच्या मजल्यांच्या तापमानांत ठळक फरक असणे. (५) छत व भिंत यांच्या सांध्यावर आडव्या भेगा पडणे. छताच्या रोजच्या प्रसरण-आकुंचनामुळे त्या पडू शकतात. (६) हिवाळ्यात पहाटे पत्र्याच्या आतील बाजूस दव धरून थेंब गळणे. परभणी परिसरात काही हिवाळ्यांत किमान तापमान ५° से.च्याही खाली जाते. रात्री आकाशाकडे उष्णता टाकून पत्रा हवेपेक्षाही थंड होतो, आणि खोलीतील बाष्प त्यावर द्रवरूप होते. हे पाणी पावसाच्या गळतीचे नसून निरोधन नसल्याचे लक्षण होय.

या खुणांवरून निष्कर्ष काढण्यापूर्वी इतर कारणे वगळावीत. पश्चिमेची भिंत छताहून गरम लागत असेल, तर दोष प्रामुख्याने भिंतीचा असतो. समोरासमोरच्या खिडक्या रात्री उघडताच खोली लवकर निवत असेल, तर वायुवीजनाची उणीव समजावी. वारा खेळूनही उकाडा टिकत असेल, तर तो छतातून येत आहे असे मानण्यास आधार मिळतो. खात्रीसाठी सारख्या दोन खोल्यांपैकी एकीच्या छतावर दाट चुना द्यावा आणि आठवडाभर दोन्हींतील तापमानांची ठरावीक वेळी नोंद करावी. आधीच निरोधन असलेल्या छतात पाणी मुरत असल्यास प्रथम गळती बंद करावी. ओलावलेला थर उष्णतेला फारसा अडवीत नाही.

मापन : पदार्थाची उष्णता-संवाहकता वॉट/मी. केल्विन या एककात सांगतात. काँक्रीटची ती सुमारे १.५८, मातीच्या थराची ०.५ आणि थर्मोकोलची (प्रसृत पॉलिस्टायरीनची) ०.०३५ असते. म्हणून ५ सेंमी. थर्मोकोल सुमारे सव्वादोन मी. जाडीच्या काँक्रीटइतका रोध करते. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या इको निवास संहितेने (२०१८) निवासी छताच्या उष्णता-पारगम्यतेची कमाल मर्यादा दर चौ. मी. केल्विनला १.२ वॉट ठरविली आहे. उघड्या काँक्रीट छताचे हे मूल्य त्याच्या जवळजवळ तिप्पट भरते. ही संहिता लहान घरांसाठी नसली, तरी तुलनेसाठी तिचा उपयोग होतो. गणिताने २ सेंमी. थर्मोकोलही ही मर्यादा गाठण्यास पुरते.

उपाय : सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे छतावर चुन्याचा पांढरा लेप देणे. तो काटेकोर अर्थाने निरोधन नव्हे. तो ऊन परावर्तित करतो. पावसाने धुपत असल्यामुळे तो दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी द्यावा लागतो. अहमदाबाद शहराने २०१७ पासून गरीब वस्त्यांत अशा शीत छतांचा उपक्रम राबविला. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. काँक्रीटवर जलरोधक थर, थर्मोकोलचे तक्ते, संरक्षक गिलावा व पांढऱ्या फरशीचे तुकडे अशी रचना टिकाऊ ठरते. उघडे थर्मोकोल ज्वालाग्राही असल्याने ते खोलीत लावू नये. विटांच्या तुकड्यांचा कोबा मध्यम रोध करतो, पण छतावरील भार वाढवितो. पत्र्याखाली साधारण १० सेंमी. पोकळी सोडून आतले छत बसवावे व पोकळीतील गरम हवेला वरून वाट ठेवावी. पत्र्यावर तुराट्या वा पाचट पसरण्याची रीत उपयुक्त आहे. मात्र तीत आगीचा धोका असतो. माळवद राखावयाचे असल्यास साठलेली माती काढून थर पातळ करावा आणि त्याखाली पाणी न झिरपणारा प्लॅस्टिकचा पडदा घालावा, म्हणजे दरवर्षी नवी माती टाकावी लागत नाही.

आरोग्याशी संबंध : उष्माघाताचा विचार करताना बहुधा दुपारच्या उन्हाकडेच लक्ष जाते. तथापि शरीराला दिवसाचा ताण रात्री भरून काढावा लागतो, आणि तापलेल्या छताखाली ती संधी मिळत नाही. वृद्ध, तान्ही मुले, बाळंतिणी व अंथरुणास खिळलेले रुग्ण गच्चीवर किंवा अंगणात झोपू शकत नाहीत. त्यांची रात्र छताखालीच जाते. म्हणून घरातील सर्वांत अशक्त व्यक्ती ज्या खोलीत झोपते, त्या खोलीच्या छतापासून तपासणीस व उपायांस आरंभ करणे इष्ट असते.