जगात एकच असलेलं पोस्टर

हॉलमध्ये लावायला 'गॉडफादर'चं पोस्टर ऑनलाइन मागवणारे तुमच्या ऑफिसात दोन-तीन जण तरी असतीलच. छान दिसतं, प्रश्नच नाही. पण तेच पोस्टर जगातल्या हजारो भिंतींवरही आहे. आता कल्पना करा, ज्या चित्रावरून पोस्टर छापलं गेलं, ते मूळ चित्रच तुमच्या घरी आहे... कुणीतरी ब्रशनं रंगवलेलं, जगात एकच! ब्रिटिश सिनेमाच्या अशा मूळ चित्रांमागे लागलेली एक छोटीशी, जरा वेडी जमात आहे. त्यातला एक आपल्या पुण्याचा निघाला.

तो माझा कॉलेजमधला सीनिअर. लंडनला एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करतो. ''नाव छापू नकोस हं, एका पुठ्ठ्यावर किती पौंड घातले ते आईला अजून सांगितलेलं नाही,'' ही त्याची पहिली अट. मग त्यानं कपाटामागून एक सपाट पुडकं काढलं आणि जेवणाच्या टेबलावर उलगडलं.

आत जाड इलस्ट्रेशन बोर्ड होता. सत्तरच्या दशकातला एक थ्रिलर, सिनेमा 'अगदीच टुकार' असं त्याचंच मत. पण चित्र! हीरोचे केस बारीक रेघांनी एकेक करून काढलेले, तर खालच्या कोपऱ्यात चपटा ब्रश घाईनं फिरवलेला. सिनेमाचं नाव जिथे यायचं तिथे नुसतं मोकळं आकाश. कडेला पेन्सिलीच्या खुणा. पिस्तूल धरलेल्या हातावर पांढऱ्या रंगानं केलेली दुरुस्ती, तिरकं पाहिलं की उंचवटा दिसतो. छापील पोस्टरवर यातलं काहीच कळत नाही.

रंग बहुतेकदा गॉश, म्हणजे आपल्या शाळेतल्या पोस्टर कलरचा श्रीमंत भाऊ. ब्रिटिश थिएटरांचं नेहमीचं पोस्टर म्हणजे 'क्वाड', ३० बाय ४० इंचांचं आणि आडवं. अमेरिकन पोस्टर उभं असतं, त्यामुळे तिथलं चित्र आणून जसंच्या तसं छापता यायचं नाही. बऱ्याचदा लंडनमध्ये नव्यानं चित्र करून घ्यावं लागे. जाहिरात एजन्सीतला डिझायनर कच्चा आराखडा करायचा, चित्रकार सिनेमातले फोटो समोर ठेवून रंगवायचा, त्यावरून छपाई व्हायची. चित्रकाराला पैसे मिळायचे, विषय संपला. छपाईनंतर त्या बोर्डाचं काय करायचं हा प्रश्नच कुणाला पडत नसे. कुठे एजन्सीच्या कपाटात धूळ खात पडायचा, कुठे सरळ कचऱ्यात जायचा. आज जे उरलंय ते म्हणूनच इतकं थोडं आहे.

या चित्रकारांचे किस्से मात्र एकेक भन्नाट. मँचेस्टरला जन्मलेल्या टॉम चॅन्ट्रेलनं (१९१६-२००१) 'स्टार वॉर्स'चं प्रसिद्ध ब्रिटिश क्वाड रंगवलं, तेव्हा प्रिन्सेस लेयाच्या पोझसाठी त्याची बायकोच उभी राहिली होती. त्याआधी १९६४मध्ये त्याचं 'कॅरी ऑन क्लिओ'चं पोस्टर थेट कोर्टात पोचलं होतं. एलिझाबेथ टेलरच्या 'क्लिओपात्रा'साठी हॉवर्ड टर्पनिंगनं केलेल्या चित्राची ती चेष्टा होती, पण ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला काही हसू आलं नाही. केस फॉक्सनं जिंकली आणि पोस्टर मागे घ्यावं लागलं. हॅमर या भयपटवाल्या कंपनीची तऱ्हा तर आणखी निराळी. तिथे आधी नाव आणि पोस्टर तयार व्हायचं, त्यावर फायनान्सर गटवायचा आणि मग सिनेमा काढायचा! आपल्याकडच्या मुहूर्ताच्या जाहिराती आठवल्या ना?

रोमहून लंडनला आलेल्या दोघांची नावंही या जमातीत आदरानं घेतली जातात. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'चं (१९६३) क्वाड रेनाटो फ्राटिनीचं, तर 'गेट कार्टर'चं (१९७१) अर्नाल्दो पुत्सूचं. त्यात पुत्सूनं मायकेल केनला चक्क फुलाफुलांचं जाकीट घातलंय. सिनेमाभर केन गडद सुटाबुटात वावरतो, असलं जाकीट त्याच्या अंगावर कुठेच नाही. मला विचाराल तर सिनेमापेक्षा ते जाकीटच जास्त लक्षात राहतं.

ऐंशीच्या दशकात फोटोंनी आणि नंतर कॉम्प्युटरनं हा धंदा जवळपास संपवला. ब्रायन बायसाउथनं केलेलं 'द लिव्हिंग डेलाइट्स'चं (१९८७) पोस्टर हे बाँडचं शेवटचं रंगवलेलं पोस्टर मानतात.

हे सगळं ऐकायला मजेशीर वाटतं, पण यातली बरीच नावं अनेक वर्षं खुद्द ब्रिटनमध्येही कुणाला माहीत नव्हती. बहुतेक पोस्टरांवर सहीच नसे. सिम ब्रॅनाहन या अभ्यासकानं म्हाताऱ्या झालेल्या चित्रकारांना आणि एजन्सीतल्या लोकांना गाठून माहिती जमवली. २००६मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं त्याचं ब्रिटिश पोस्टरांच्या इतिहासावरचं पुस्तक काढलं. तेव्हा कुठे कोणतं चित्र कुणाचं, याचा नीट हिशेब लागायला लागला.

आणि नाव लागलं की किंमतही लागते. माझ्या सीनिअरचा बोर्ड 'चित्रकार अज्ञात' म्हणून स्वस्तात मिळालेला. काही महिन्यांनी एका डीलरनं तो पाहिला आणि म्हणाला, शैली अमुक एका मोठ्या चित्रकाराची आहे, तसं लिहून देतो, दुप्पट-तिप्पट भाव येईल. पुरावा? काही नाही. मागे एजन्सीचं लेबल नाही, जुनं बिल नाही. नुसती 'शैली'. यानं नाही म्हटलं.

मी म्हटलं, अरे, कदाचित खरंही असेल! तेव्हा त्यानं मला एक कायदा सांगितला, आणि माझ्या मते या छंदातली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच. ब्रिटनमध्ये डीलर, गॅलरी किंवा लिलावातून चित्राची पुन्हा विक्री झाली आणि किंमत ठरावीक रकमेच्या वर असली, तर त्यातला काही हिस्सा चित्रकाराला मिळतो, सुरुवातीच्या टप्प्यात ४ टक्के. २००६पासून हयात चित्रकारांना आणि २०१२पासून वारसांनाही, चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत. म्हणजे पुठ्ठ्यावर चुकीचं नाव टाकलं, तर ज्यानं चित्र रंगवलं त्याच्या मुलाबाळांचे पैसे भलत्याच घरी जाणार. 'अज्ञात' लिहिलं तर निदान शोध चालू राहतो. (आपल्या कॉपीराइट कायद्यातही ५३-अ हे असंच कलम आहे, १० हजारांवरच्या पुनर्विक्रीसाठी. किती चित्रकारांना ते ठाऊक असेल?)

हे ऐकताना मला सारखे आपले पोस्टरवाले आठवत होते. २००२मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं 'सिनेमा इंडिया' नावाचं प्रदर्शन भरवलं, हिंदी सिनेमाची पोस्टर्स काचेआड दिमाखात लावली. इथे मुंबईत मात्र दिवाकर करकरे म्हटल्यावर 'कोण?' असंच विचारणारे जास्त.

तुम्हालाही किडा चावला असेल तर थोडं प्रॅक्टिकल. सरेमधलं युबँक्स किंवा प्रॉप स्टोअर अशा लिलावांचे कॅटलॉग आधी नुसते चाळा, डोळा तयार होतो. बोर्डाच्या मागची बाजू बघितल्याशिवाय पैसे काढू नका. चांगली प्रिंट आणि रंगवलेला बोर्ड फोटोत सारखेच दिसतात, म्हणून तिरक्या उजेडात काढलेला फोटो मागवा. भारतात आणायचं तर शिपिंग, विमा आणि कस्टम्स धरून हिशेब करा. गॉशला पाणी आणि ऊन दोन्ही चालत नाही, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात एसी नसलेल्या खोलीत ते लावणं म्हणजे गुन्हाच. आणि बोर्ड तुमचा झाला तरी त्यावरून टी-शर्ट छापायचा हक्क त्यासोबत येत नाही.

एवढं बजेट नसेल तर एखादं साधं, छापील जुनं क्वाड घ्या. घडीच्या खुणा असल्या तरी बिघडत नाही, तेव्हा ती घडी घालूनच थिएटरला जायची. घरी आल्यावर भिंगातून खालची पांढरी पट्टी वाचा. 'डब्ल्यू. ई. बेरी, ब्रॅडफर्ड' असं छापखान्याचं नाव-गाव तिथे बहुतेकदा सापडेल.