किल्ल्यावरचे मावळे आणि हडपसरचे कंपू

दिवाळी जवळ आली की पुण्यातल्या वाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहू लागतात. विटांचे तुकडे, गोणपाट आणि चिखल यांतून डोंगर होतो, हळीव किंवा मोहरी पेरून त्यावर रान उगवते आणि बुरुजाबुरुजांवर रंगीत मावळे चढतात. शिखरावर सिंहासन, त्यावर महाराज. पायथ्याशी विहीर, गवळण आणि क्वचित एखादी मोटारही. या बालकलेचे कौतुक दरवर्षी होते आणि ते यथायोग्यच आहे. परंतु या कौतुकाच्या आड एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्या घरातले हे लघुसैन्य सतराव्या शतकात जे थांबले, ते आजतागायत तेथेच थांबलेले आहे. ढाल-तलवारीचा मावळा हाच त्यातला आरंभ आणि तोच शेवट. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत मराठी सैन्य कोठे कोठे गेले, कसे बदलले, कोणत्या कपड्यांत आणि कोणाच्या हुकमाखाली लढले, याची एकही मातीची खूण मुलांच्या हाती लागत नाही.

इंग्लंड-अमेरिकेत अठराव्या शतकातील सैन्ये लहान आकृतींतून उभी करून त्या काळच्या लढाया टेबलावर खेळण्याचा छंद चांगलाच रुजलेला आहे. प्रशियन अधिकारी राइसविट्झ याने १८२४ साली लष्करी शिक्षणासाठी अशा खेळाला शास्त्रशुद्ध रूप दिले. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे छोटे पुस्तक लिहून तो दिवाणखान्यात आणला. आज सुमारे अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचा शिपाई ही या खेळातली एक रूढ उंची झाली आहे. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या त्या शिपायावर ओतकामाची जी रेघ राहते, ती कानशीने घासायची, साबणाच्या पाण्याने तो धुवायचा, अस्तराचा हात द्यायचा, मग कोट, पट्टा, पगडी, चेहरा असे एकेक रंग भरायचे, घड्यांत पातळ काळसर रंग उतरवायचा आणि उंचवट्यांवर उजळ रेघ ओढायची. शेवटी दहा-वीस शिपाई एका पातळ फळीवर चिकटवून त्यांच्या पायांखालची जमीन तयार करायची. या छंदाची थट्टा करणे सोपे आहे. पोक्त माणसे खेळण्यांशी खेळतात, एवढे म्हटले की थट्टा पुरी होते. मात्र त्या फळीवरच्या चिमूटभर जमिनीत इतिहासाचे किती प्रश्न दडलेले असतात, हे पाहिले म्हणजे थट्टा करणाऱ्यानेही क्षणभर थांबावे.

ब्रिटिश लष्करातील विल्यम सायबोर्न या अधिकाऱ्याचे उदाहरण पाहा. वॉटर्लूच्या रणांगणाची प्रतिकृती करण्याचे काम १८३० साली त्याच्याकडे आले. तो कित्येक महिने त्या शेतवाडीत जाऊन राहिला, त्याने जमिनीची मोजणी केली आणि लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून विचारले : सायंकाळी सात वाजता तुमची पलटण नेमकी कोठे होती आणि तुमच्या समोरच्या शेतात पीक कोणते होते? १८३८ साली लंडनमध्ये ही प्रतिकृती लोकांपुढे आली, तेव्हा तिच्यात सत्तर हजारांहून अधिक कथिली शिपाई होते. प्रशियन सैन्य इतक्या लवकर आणि इतक्या संख्येने रणांगणावर दाखवलेले ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांना रुचले नाही, आणि अखेर सायबोर्नला प्रशियनांच्या हजारो आकृती उचलाव्या लागल्या. खेळण्यातल्या शिपायांवरून एका सरसेनापतीने एवढे अस्वस्थ व्हावे, यातच प्रतिकृतीची ताकद दिसते. ग्रंथात 'थोड्या वेळाने मदत आली' असे मोघम वाक्य लिहून सुटता येते. टेबलावर मात्र शिपाई एक तर असतो, नाही तर नसतो.

या विलायती खेळात मराठे नाहीत असे नाही. इंग्लंडमधील शिपाई ओतणाऱ्या कारखान्यांच्या याद्यांत मराठ्यांचे स्वार, तोफा आणि कवायती पायदळ सापडते. पण ते प्रायः असईसाठी. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचे हेच वेलिंग्टन, शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी लढले, म्हणून मराठा शिपायाला त्या याद्यांत जागा. वेलस्लीचा प्रतिस्पर्धी एवढीच त्याची ओळख. त्याच्या आधीच्या वर्षी पुण्याच्या वेशीवर जी लढाई झाली आणि जिच्यामुळे असई घडली, तिच्याकडे परक्यांनी का पाहावे? प्रश्न आपल्या पाहण्याचा आहे, आणि आपणही तिच्याकडे पाहत नाही.

ती लढाई हडपसरची. तारीख २५ ऑक्टोबर १८०२. दिवस ऐन दिवाळीचा. एका बाजूला यशवंतराव होळकर, दुसऱ्या बाजूला दुसरे बाजीराव पेशवे आणि दौलतराव शिंदे यांची एकत्र फौज. दौलतराव स्वतः उत्तरेत होते. त्यांच्या फौजेचा अधिकार सदाशिवराव भास्कर बक्षी यांच्याकडे होता. वैराची मुळे अनेक होती, पण ताजी जखम एकच. यशवंतरावांचे बंधू विठोजी यांना बाजीरावांनी १८०१ च्या एप्रिलमध्ये पुण्यात हत्तीच्या पायी दिले होते. सकाळी साडेनवाच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. प्रथम शिंद्यांच्या स्वारांनी होळकरांच्या स्वारांना मागे रेटले. मग यशवंतराव स्वतः घोड्यावर बसून पुढे झाले आणि लढाईचे पारडे फिरले. बाजीराव लढाई पाहण्यास निघाले होते, पण तोफांचा आवाज कानी पडताच त्यांनी पर्वतीच्या बाजूने सिंहगडाची वाट धरली. तेथून कोकण, कोकणातून समुद्रमार्गे वसई, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह. मराठी स्वातंत्र्याचा अस्त १८१८ साली झाला असे आपण शाळेत शिकतो. त्या अस्ताची सावली या दिवाळीला हडपसरच्या माळावर पडली होती.

आता ही लढाई रंगवायला घ्या. ग्रँट डफच्या इतिहासात होळकरांच्या बाजूला चौदा कवायती पलटणी, पाच हजार बिनकवायती पायदळ आणि पंचवीस हजार स्वार दिलेले आहेत. पलटणीत सहाशे माणसे धरली आणि तीस माणसांमागे एक आकृती असा हिशेब ठेवला, तर नुसत्या पलटणींसाठी दोनशे ऐंशी शिपाई लागतील आणि स्वारांसाठी आठशेहून अधिक. एका आकृतीला एक तास म्हटला तरी रोज रात्री दोन तास बसणाऱ्या माणसाची दोन वर्षे एका बाजूतच सरतील. असो. संख्या कमी करता येते. रंग कमी करता येत नाहीत.

स्वारांपासून आरंभ करावा. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, बारगिराचा घोडा सरकारचा. पण गणवेश कोणालाच नाही. म्हणून स्वारांच्या फळीवर कोणतेही दोन अंगरखे सारखे असता कामा नयेत, पगड्यांचे रंग जुळता कामा नयेत. घोडेही युरोपातल्या चित्रांतले उंच, तुळतुळीत घोडे नव्हेत. भीमथडीची ठेंगणी, काटक तट्टे यांत हवीत. रंगवणाऱ्याचा ब्रश दर आकृतीला धुवावा लागतो. त्यानंतर कंपूच्या पलटणी घ्याव्यात, म्हणजे हातातली लय एकदम बदलते. द बॉयन या सॅव्हॉयी सेनानीने महादजी शिंद्यांसाठी १७८४ पासून जे कवायती सैन्य उभारले, त्यातल्या तेलंगा पलटणी कंपनीच्या शिपायांच्या धर्तीवर बांधलेल्या होत्या : एकसारखा कोट, एकसारखी बंदूक, एकसारखे पाऊल. येथे एकच रंग घेऊन वीस कोट ओळीने रंगवता येतात. मराठी युद्धपद्धतीत अठराव्या शतकाच्या अखेरीस जे स्थित्यंतर झाले, त्यावर पुष्कळ प्रबंध लिहिता येतील. ब्रश धरणाऱ्याला ते मनगटातूनच कळते.

आणि या एकसारख्या कोटाची किंमतही कळावी. शिलेदार मोहिमेनंतर घरी शेतीकडे जाई. कवायती शिपायाला बारमाही रोख पगार लागतो. द बॉयनच्या पलटणींसाठी महादजींनी दोआबातला मुलूख लावून दिला होता. दौलतरावांच्या काळी पैशाची ओढाताण इतकी वाढली की १७९८ साली सर्जेराव घाटग्यांनी पुण्यातल्या सावकारांना आणि कारभाऱ्यांना छळून रकमा उकळल्या. पेशव्यांची राजधानी परक्याने लुटण्यापूर्वी अशी घरच्यांनीच लुटली. हडपसरनंतर यशवंतरावांनी प्रथम शहराच्या रक्षणासाठी पहारे बसवले खरे. पण पगार त्यांनाही द्यायचे होते, आणि पुण्याने ते दिले.

तथापि या प्रतिकृतीतली खरी अडचण रंगांच्या पलीकडची आहे. युद्धखेळाला दोन बाजू लागतात, आणि किल्ल्यावरचे मावळे मांडणाऱ्या मुलाला दुसरी बाजू कोणाची हे सांगावे लागत नाही. हडपसरला दोन्हीकडे मराठे, दोन्हीकडे भगवे, दोन्हीकडे कंपू. होळकरांच्या पलटणींवर व्हिकर्स, हार्डिंग, आर्मस्ट्राँग हे अधिकारी. समोर द बॉयनच्या जुन्या चार पलटणी कॅप्टन डॉजच्या हाताखाली. त्या चार पलटणी सर्वांत शेवटपर्यंत उभ्या राहिल्या आणि डॉज तेथेच पडला. होळकरांकडचा हार्डिंगही मेला. रंगपेटीतला एकच डबा उघडून दोन्ही सैन्ये रंगवावी लागतात, आणि कोणती पलटण कोणाची हे ओळखण्यासाठी फळीच्या खाली नाव लिहून ठेवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आपण या लढाईपासून का दूर राहिलो याचे उत्तर येथे मिळते, असे मला वाटते. पानिपताचे दुःख आपल्याला सोसते, कारण त्यात समोर परका होता. हडपसरच्या दुःखाला असा आधार नाही. पण ज्या समाजाला आपला पराक्रम तेवढा मांडता येतो आणि आपली यादवी मांडता येत नाही, त्याच्या इतिहासप्रेमाला अर्धेच म्हणावे लागेल. एखाद्या घराण्याची बाजू घेऊन भाषण ठोकणे सोपे. दोन्ही घराण्यांचे शिपाई सारख्याच निगुतीने रंगवणे कठीण, आणि म्हणूनच ते शिकवण्यासारखे.

राहिली जमीन. विलायतेतून येणारे कृत्रिम गवत इंग्लंडच्या कुरणासारखे हिरवेगार असते. ते येथे चालणार नाही. ऑक्टोबरअखेर पाऊस सरलेला असतो, माळाचे गवत पिवळे पडू लागते, बाजरी निघालेली असते आणि रब्बीची ज्वारी नुकती वर आलेली असते. फळीवर फेविकॉल लावून बारीक वाळू पसरावी, तिला काळ्या-तपकिरी रंगाचा हात द्यावा, वर कोरड्या ब्रशाने फिका मातकट रंग ओढावा आणि पिवळट तुसे तुरळक चिकटवावीत. उत्तरेस मुळा-मुठा. कालवा दाखवू नये, तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला; लोहमार्गही नको, तो १८५८ नंतरचा; घोरपडी-वानवडीकडची लष्करी छावणी तर पेशवाईच्या अखेरीची. वानवडीची महादजींची समाधी मात्र विसरू नये. १७९४ साली ते तेथे वारले, आणि त्यांनी उभारलेल्या पलटणी त्या जागेपासून थोड्याच अंतरावर मराठ्यांशीच लढून संपल्या. आजचे हडपसर, म्हणजे औद्योगिक वसाहत, मगरपट्टा, उड्डाणपूल आणि सोलापूर रस्त्यावरची वाहनांची रांग, या जमिनीवर कोणी रणांगण शोधू म्हटल्यास त्याच्या हाती काही लागणार नाही. म्हणूनच टेबलाची गरज.

हे काम कोणी करावे? साधने सर्व हाताशी आहेत. पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार यदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली छापला गेला आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ शहरातच आहे. कोथरूडला लघुरेल्वेचे एक संग्रहालय लोक तिकीट काढून पाहतात, तेव्हा लहान आकाराच्या वस्तूंविषयी पुणेकरांना तिटकारा आहे असेही नाही. हडपसरच्या एखाद्या शाळेने आठ फुटांचे टेबल घ्यावे. शिपाई विलायतेहून मागवण्याचे कारण नाही. जवळच्या केशवनगरच्या कुंभारवस्तीत दिवाळीच्या आधी मातीकाम जोरात असते. मावळ्याचा साचा होतो, तसा तेलंग्याचाही होईल, आणि बोटभर उंचीच्या मातीच्या शिपायाचे काम खरखरीत झाले तरी ते आपले असेल. मुलांनी एक वर्ष होळकरांची बाजू रंगवावी, दुसऱ्या वर्षी शिंद्यांची.

टेबलाच्या वायव्य कडेला संगमावरची रेसिडेन्सी तेवढी ठेवावी. कर्नल बॅरी क्लोज हा कंपनीचा रेसिडेंट त्या दिवशी पुण्यातच होता. त्याच्या आकृतीला बंदूक द्यायची गरज नाही. सबंध डावात तिला एकदाही हलवावे लागत नाही.