संत्र्याची साल आणि लपवलेली शिवण

खेळामागचे हात : भाग ६

परवा वर्ध्याच्या गोल बाजारात संत्री घेताना मी एकेक फळ दाबून साल हलते का ते पाहत होतो. विकणाऱ्या मावशींना राहवलं नाही. "काहून येवढं चाचपून राहिले, दादा? गोडच हायेत सारी." गोडीचं नाही, साल अख्खी निघायला हवी, असं मी सांगितलं. "मंग?" मग तिच्यावर चित्र काढायचंय. मावशींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि ढिगाच्या तळातून दोन मऊ फळं काढून दिली. "हे घ्या. ढिल्या सालीचे. कवळ्याची साल फाटते."

या आठवड्याचा भाग त्या दोन संत्र्यांवर उभा आहे. पण आधी मागच्या भागाची बाकी चुकती करू.

मागच्या वेळी शिगेरू मियामोतो यांची गोष्ट आपण अर्ध्यावर सोडली होती. क्योतोजवळच्या सोनोबे गावात १९५२ साली जन्म, चित्रकथा काढण्याचं लहानपणचं वेड, कानाझावाच्या कला महाविद्यालयात औद्योगिक डिझाइनचं शिक्षण आणि १९७७ साली निन्टेन्डोत नोकरी. निन्टेन्डो ही मुळात १८८९ साली फुलांची चित्रं असलेले पत्ते बनवणारी कंपनी. तिला तोवर चित्रकाराची फारशी गरज पडली नव्हती. पुढे अमेरिकेत पाठवलेला एक गेम आपटला, त्याची यंत्रं गोदामात पडून राहिली. त्याच यंत्रांत घालता येईल असा नवा गेम रचायचं काम या पोराकडे आलं. तो गेम म्हणजे १९८१ सालचा 'डाँकी काँग'. त्यात उड्या मारणारा जो बुटका माणूस होता, तो पुढे मारिओ म्हणून जगभर ओळखला गेला.

हा माणूस काढायला जागा किती होती? आपल्या अंगणाच्या भाषेत सांगायचं तर सोळा ठिपके, सोळा ओळी. म्हणजे २५६ घरं, आणि रंग फक्त तीन. रांगोळीत आपण ठिपके जोडतो, इथे आलेख कागदावरचं एकेक घर भरायचं. एवढ्या जागेत डोक्यापासून बुटांपर्यंत अख्खा माणूस बसवायचा म्हटलं तर चेहऱ्याच्या वाट्याला घरं किती येणार? तोंड काढलं तर ते डाग वाटतं. म्हणून मियामोतोंनी ठसठशीत नाक काढलं आणि त्याखाली मिशी दिली. मिशीखालचं तोंड पाहणाऱ्याने समजून घ्यायचं. उडी मारली की केस उडायला हवेत, पण तेवढी घरं कुठून आणायची? डोक्यावर टोपी चढवली. हात अंगाच्या रंगात हरवत होते, म्हणून सदरा एका रंगाचा आणि वर खांद्याला पट्टे असलेली कामगारांची विजार दुसऱ्या रंगाची. आता हात हलताना दिसू लागले. जगातल्या सगळ्यांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक असा अडचणींतून घडला.

१९८५ साली आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये ही काटकसर आणखी पुढे गेली. अख्खा गेम ४० किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसवायचा होता. रोज सकाळी मोबाइलवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. म्हणून त्या गेममधला आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे. ठसा एकच, वर पांढरा, खाली हिरवा. आमच्या पिढीने हा गेम टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रावर खेळला. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हा त्यावरचा सार्वत्रिक इलाज. शेकडो वेळा खेळूनही ढग आणि झुडपाचं हे नातं आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं नाही, यातच चित्रकार जिंकला. भिंतीवरच्या चित्रापुढे माणूस थांबतो, निरखतो. गेममधल्या चित्राला ती चैन नाही. पाहणाऱ्याचं बोट बटणावर असतं आणि उडी कुठे मारायची हे चित्राने क्षणार्धात सांगायचं असतं. यंत्राची ताकद कायम अपुरी, पैसा अपुरा, वेळ अपुरा. त्यामुळे या धंद्यातल्या चित्रकाराला एक प्रश्न रोज सोडवावा लागतो : अडचण लपवायची कुठे? मियामोतोंनी ती मिशीखाली लपवली.

मागचा भाग वाचून काही वाचकांनी विचारलं की हे जपानचं झालं, आपल्याकडे असं कुणी करतं का? करतात, आणि फार लांब नाही, पुण्यात करतात.

आपल्या देशात गेमसाठी चित्रं काढणारे हात बरेच आहेत, पण त्यांतले पुष्कळसे दुसऱ्याच्या गेमसाठी राबतात. बंगळुरूची 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' १९९७ साली सुरू झाली आणि परदेशी कंपन्यांच्या गेमसाठी गाड्या, रस्ते, पात्रं घडवण्यात तिने नाव कमावलं. कसब इथलं, गोष्ट तिकडची, असा तो मामला. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने गोष्टही स्वतःची सांगायचं ठरवलं. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे तिचे संस्थापक. गेम कसा खेळला जाईल याची रचना अविचल सिंग यांची, चित्रांची बाजू श्रुती घोष यांची. गेमचं नाव 'राजी : अ‍ॅन एन्शियंट एपिक'.

राजी ही असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, सोडवायला निघालेली कसरतपटू मुलगी. ती भिंतींवरून धावते, खांबांना गिरक्या घेते आणि दुर्गेने दिलेल्या त्रिशूळाने लढते. तिची गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू. किल्ले आणि महाल राजस्थानी धाटणीचे, पण भिंतींचा रंग आणि चित्रांची चाल पहाडी शैलीची. सुरुवातीला किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, तेव्हा ठरलेली रक्कम जमली नाही. तरी काम थांबलं नाही.

आता संत्रं घ्या.

मारिओ सपाट होता, राजी गोल आहे. तिला पाठ आहे, पोट आहे, तिच्याभोवती फिरता येतं. अशी पात्रं आधी संगणकात नुसती मातीच्या मूर्तीसारखी घडवतात. त्याला मॉडेल म्हणतात. मॉडेल रंगवायचं तर चित्रकाराला सपाट कागद हवा, आणि समोर आहे गोल वस्तू. म्हणून मॉडेलची साल काढतात. कुठून चिरायची ते ठरवायचं, चिरायची, उलगडायची आणि टेबलावर पसरायची. स्टुडिओत याला 'अनरॅप' म्हणतात. पसरलेल्या सालीवर डोळे, कपड्यांचे काठ, भिंतीवरची नक्षी रंगवायची आणि संगणक ती साल पुन्हा वस्तूवर चढवतो. रंगवलेल्या सालीला म्हणतात 'टेक्स्चर'.

मी मावशींचं पहिलं संत्रं देठाकडून चार चिरा देऊन सोललं. साल चार पाकळ्यांच्या फुलासारखी उघडली. ती पाटावर दाबून सपाट करताना दोन पाकळ्या कडेला तडकल्या, कारण गोल साल सपाट व्हायला राजी नसते. स्केचपेनने मी तिच्यावर आडवी वेलबुट्टी काढली, एका पाकळीवरून दुसरीवर जाणारी. मग साल पुन्हा फळावर बसवली. पाकळीच्या मधोमध वेल झकास दिसली. जिथे दोन पाकळ्या भेटत होत्या तिथे मात्र अर्धं पान वर, अर्धं खाली. ही शिवण. स्टुडिओत तिला 'सीम' म्हणतात. ती टाळता येत नाही, पण कुठे यावी हे ठरवता येतं. जाणकार चित्रकार ती केसांखाली नेतो, काखेत नेतो, पायाच्या आतल्या बाजूला किंवा कपड्याच्या खऱ्या शिवणीवर नेतो. शिंपी तरी दुसरं काय करतो?

मिशी आणि शिवण ही एकाच घराण्यातली.

'राजी'ची सालं हाताने रंगवलेली आहेत. पुष्कळ गेममध्ये दगड खऱ्या दगडासारखा दिसावा म्हणून त्यावर उजेड कसा पडेल, ओलसरपणा कसा चमकेल याचा हिशेब संगणकावर सोपवतात. हाताने रंगवलेल्या पद्धतीत यातलं पुष्कळसं चित्रकार सालीवरच काढून ठेवतो : सज्जाखालची सावली, कमानीच्या कडेवरचा उजेड, गिलाव्यावरचे ब्रशचे फटकारे. यंत्रावरचा भार हलका होतो आणि गेम दिसायला फोटोसारखा न होता चित्रासारखा होतो. हुबेहूबपणाच्या शर्यतीत बलाढ्य स्टुडिओंपुढे पुण्याची छोटी टोळी टिकली नसती. तिने शर्यतच बदलली.

पहाडी शैली इथे फार बेतशीर बसली. बसोहली, गुलेर, कांगडा इथल्या चित्रांत अंगण बऱ्याचदा उंचावरून दिसतं, माणसं मात्र बाजूने. राधा गच्चीत आणि कृष्ण खालच्या चौकात, दोघंही एकाच वेळी स्पष्ट दिसावेत म्हणून चित्रकार घराची रचना मोकळी करून मांडतो. गेमलाही नेमकी हीच गरज असते. खेळणाऱ्याला मुलगी दिसायला हवी, पुढची कमान दिसायला हवी आणि त्यामागे दबा धरून बसलेला राक्षसही. म्हणून 'राजी'त कॅमेरा खेळणाऱ्याच्या हाती नाही. तो लांबून, बहुधा उंचावरून, आधीच ठरवलेल्या जागेवरून पाहतो. यात दुहेरी सोय आहे. प्रत्येक चौकट चित्रकाराला हवी तशी रचता येते, आणि जी बाजू कॅमेऱ्याला कधी दिसणारच नाही, ती रंगवण्यात दिवस घालवावे लागत नाहीत. गणेशोत्सवात मूर्तीची पाठ कुणी किती रंगवतं ते आठवा.

कथेचे काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात. आपल्या सिंधुदुर्गात, पिंगुळीच्या ठाकर कलावंतांकडे, चामड्याच्या बाहुल्यांचा असा खेळ पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यामुळे मराठी डोळ्याला तो परका वाटू नये. पण गेम घडवणाऱ्याच्या नजरेने पाहा. बोलणारा, रडणारा, ओठ हलवणारा माणसाचा चेहरा संगणकात घडवणं हे सगळ्यांत खर्चिक आणि सगळ्यांत फसणारं काम. छायाबाहुलीचा चेहरा बदलत नाही, हलते ती फक्त आकृती. तिने मान तुकवली की दुःख आपण भरतो. मिशीखालचं तोंड आपण भरलं होतं, तसंच.

१८ ऑगस्ट २०२० रोजी 'राजी' सगळ्यांत आधी आला तो निन्टेन्डोच्या 'स्विच' यंत्रावर. म्हणजे आलेख कागदावर मारिओ भरणाऱ्या चित्रकाराच्याच कंपनीच्या दारातून पुण्याची ही मुलगी जगात गेली. बाकीच्या यंत्रांवर ती ऑक्टोबरमध्ये पोहोचली. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी तिला नामांकन मिळालं. पुरस्कार 'फॅस्मोफोबिया'ला गेला. परीक्षणांत चित्रांचं भरभरून कौतुक झालं, तर लढाईच्या हालचाली आणि संवादांच्या आवाजाबद्दल तक्रारीही झाल्या. गेम काही तासांत संपतो, शेवट घाईचा वाटतो, असंही म्हटलं गेलं. या तक्रारी मला योग्य वाटतात. चित्रात लपवता आलेल्या अडचणी हालचालीत आणि आवाजात लपल्या नाहीत. बोट खोटं बोलत नाही. बटण दाबल्यावर उडी उशिरा पडली तर तिच्यावर कुठली वेलबुट्टी काढणार?

आता तुमच्यासाठी अभ्यास. आर्वी-कारंजाकडची संत्री बाजारात आहेत तोवर करून पाहा. ढिल्या सालीचं फळ घ्या. सोलण्याआधी ठरवा की चीर कुठून द्यायची. साल पसरून तिच्यावर एक चेहरा काढा आणि पुन्हा चढवा. पहिल्या वेळी शिवण नाकावरून जाईल, माझी वेलीच्या पानावरून गेली होती. दुसऱ्या संत्र्याला मी शहाणपणा केला. एकच उभी चीर दिली, चेहरा तिच्या बरोबर विरुद्ध बाजूला काढला आणि ओठांचा आकार बिघडला तिथे झुपकेदार मिशी ओढली.

फळ फडताळावर ठेवलं, चीर भिंतीकडे करून. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. संत्र्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "अगबाई, मिशीवाला कोण हा?" चिरेबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

(पुढील भागात : तीन सूर आणि थोडा खरखराट एवढ्याच भांडवलावर कोजी कोंदो यांनी मारिओला चाल कशी दिली.)