समाजमाध्यमे

इंटरनेटच्या आधारे चालणारी आणि ज्यांतील मजकूर, चित्रे, ध्वनिफिती व चित्रफिती मुख्यत्वे वापरणारेच तयार करतात आणि परस्परांना पाठवितात, अशी संदेशवहनाची साधने. फेसबुक, यूट्यूब, एक्स (पूर्वीचे ट्विटर), इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ही त्यांपैकी प्रमुख होत. वृत्तपत्र, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांत एक संस्था बोलते आणि असंख्य लोक ऐकतात. दूरध्वनीवर दोन व्यक्ती एकमेकींशी बोलतात. समाजमाध्यमांत हे दोन्ही प्रकार एकत्र आले आहेत. त्यामुळे खाजगी संभाषणाच्या सहजतेने कोणासही हजारो लोकांपर्यंत पोहोचता येते. मात्र संदेश रचणारा, तो पसरविणारा आणि त्याच्या खरेपणाबद्दल उत्तरदायी असणारा यांची या माध्यमांत फारकत झाली असून त्यांच्या सामाजिक परिणामांचे मूळ बव्हंशी या फारकतीत आहे.

इतिहास : अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या साहाय्याने १९६९ मध्ये सुरू झालेले ‘आर्पानेट’ हे संगणकजाल इंटरनेटचे पूर्वरूप होय. जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये ‘वर्ल्ड वाइड वेब’ची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये संस्थेने ते तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढे फेसबुक (२००४), यूट्यूब (२००५), ट्विटर (२००६) व व्हॉट्सॲप (२००९) या सेवा निघाल्या. स्मार्टफोनचा प्रसार आणि २०१६ नंतर भारतात एकदम स्वस्त झालेली इंटरनेट सेवा यांमुळे त्या खेडोपाडी पोहोचल्या. ‘युनिकोड’ या सर्वमान्य संकेतप्रणालीमुळे एका यंत्रावर लिहिलेले मराठी दुसऱ्या यंत्रावर जसेच्या तसे वाचता येऊ लागले. ध्वनिसंदेश व चित्रफिती यांमुळे तर अक्षरओळख नसलेल्यांनाही या व्यवहारात भाग घेता आला.

कार्यपद्धती : यांपैकी बहुतेक सेवा वापरणाऱ्यांना विनामूल्य मिळतात व त्यांचा खर्च प्रामुख्याने जाहिरातींतून भागतो. साहजिकच वाचक अधिकाधिक वेळ गुंतून राहावा, यात कंपनीचे हित असते. वाचकाने पूर्वी काय पाहिले, कशास पसंती दिली यांवरून पुढे काय दाखवावे, याचा क्रम संगणक लावतो. खरेखोटे पारखणे हा या क्रमवारीचा मूळ हेतू नसतो. ट्विटरवरील २००६ ते २०१७ या काळातील सु. १ लाख २६ हजार वृत्तप्रवाहांचा एक अभ्यास २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यानुसार खोटी वृत्ते खऱ्यांपेक्षा अधिक वेगाने व अधिक दूरवर पसरतात आणि ती पुढे पाठविली जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी अधिक असते. हा फरक स्वयंचलित खात्यांमुळे नव्हे, तर मुख्यतः माणसांच्या वर्तनामुळे पडतो, असेही त्यात दिसून आले.

व्हॉट्सॲपवर खाजगी संदेशांची अशी क्रमवारी नसते. तेथे संदेश पसरतो तो ओळखीच्या माणसांमार्फत. नातलगाने किंवा शेजाऱ्याने पाठविलेला मजकूर त्या व्यक्तीवरील विश्वासामुळे खरा वाटतो. मूळ लेखक कोण, हे मात्र कळत नाही. चावडीवर किंवा पारावर पसरणाऱ्या वार्तेलाही पुष्कळदा मूळ नसे. परंतु सांगणारा समोर असे आणि त्यास उलट विचारता येई.

उत्तरदायित्वाचा प्रश्न : मुद्रित मजकुराच्या बाबतीत कायद्याने हा प्रश्न फार पूर्वी सोडविला होता. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी अधिनियमानुसार प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि ठिकाण देणे बंधनकारक होते. त्यामुळे मजकुराबद्दल कोणास तरी जाब विचारता येई. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ७९ व्या कलमाने मात्र इतरांचा मजकूर केवळ वाहून नेणाऱ्या मध्यस्थास काही अटींवर दायित्वातून मुक्त केले आहे.

या पोकळीचे भीषण रूप १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे दिसले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या भागात पसरली होती. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने त्या संशयावरून ठार मारले. त्या वर्षी देशाच्या इतर भागांतही अशा हत्या झाल्या. तेव्हा फिरत असलेली एक चित्रफीत वस्तुतः पाकिस्तानातील कराचीत बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केलेली होती. मूल सुखरूप परत आणून सोडल्याचा तिच्यातील भाग कापून ती पसरविण्यात आली. भटक्या जमातींविषयी आधीपासून असलेला संशय अशा अफवांना बळ देतो. माध्यम हे हत्येचे एकमेव कारण नव्हे. पण भीतीला घराघरांत नेण्याचे काम त्याने केले.

निर्बंध व उपाय : सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी जमावहत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष अधिकारी नेमण्यासह अनेक निर्देश दिले. व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेले संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतील, असे ठरविल्यावर त्यांचे प्रमाण सु. ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने जाहीर केले. २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर मूळ प्रेषकाचा शोध देण्याचे बंधन घातले. त्यामुळे सर्वांच्याच संभाषणाची गुप्तता धोक्यात येते, या कारणास्तव व्हॉट्सॲपने त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले.

केवळ दंडशक्तीवर भिस्त ठेवण्यातील धोकाही महाराष्ट्रातच प्रत्ययास आला होता. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील एका मजकुराबद्दल दोन तरुणींना अटक झाली. त्यांपैकी एकीने तो लिहिला होता, तर दुसरीने त्यास केवळ पसंती दर्शविली होती. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील ६६ (अ) हे संदिग्ध कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णांचे नातलग प्राणवायू व रुग्णालयातील खाटा यांसाठी याच माध्यमांतून मदत मागत होते, तेव्हा अशा नागरिकांवर कारवाई करू नये, असे न्यायालयाने ३० एप्रिल रोजी बजावले.

अफवा पसरविणारी व मदत मिळवून देणारी यंत्रणा एकच असल्याने ती सरसकट रोखणे इष्ट ठरत नाही. प्रसाराचा वेग कमी करणे, कंपन्यांना त्यांच्या क्रमवारीविषयी जाब विचारणे आणि खंडन तत्परतेने प्रसृत करणे हे मार्ग अधिक हितावह होत. छापील कागदावर प्रकाशकाचे नाव असे. समाजमाध्यमांत संदेश पुढे पाठविणारा प्रत्येक जण वस्तुतः प्रकाशकच असतो. ही जाणीव शालेय शिक्षणापासून रुजविणे, हा या उपायांतील सर्वांत दीर्घ पल्ल्याचा भाग आहे.