संगणकपेटीतील पंखे

संगणकपेटीतील पंखे : घरी जुळविलेल्या संगणकाच्या पेटीत साचणारी उष्णता हवेच्या प्रवाहाबरोबर बाहेर घालविण्यासाठी पेटीच्या भिंतींवर बसविण्यात येणारे लहान विद्युत् पंखे. संगणकाला पुरविलेली जवळजवळ सर्व विद्युत् शक्ती अखेर उष्णतेत रूपांतरित होते. प्रोसेसरवरील पंखा ही उष्णता केवळ त्या भागावरून पेटीतील हवेत नेतो. ती पेटीबाहेर नेण्याचे काम पेटीच्या पंख्यांचे असते.

आयबीएम कंपनीच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकात शक्तिपुरवठ्याचा एकच पंखा सर्व यंत्राला पुरत असे. १९९० नंतर प्रोसेसर अधिक तापू लागले. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये मांडलेल्या एटीएक्स रचनेत शक्तिपुरवठ्याच्या पंख्याने बाहेरची हवा आत ढकलावी, अशी प्रारंभी कल्पना होती. पुढे ती सोडून देण्यात आली आणि समोरून हवा आत व मागून बाहेर हा क्रम रूढ झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील दुकानांतून सुटे भाग घेऊन संगणक जुळविण्याची पद्धत महाराष्ट्रात पसरली, ती मुख्यत्वे याच दशकात.

पंखा हवा थंड करीत नाही, ती केवळ बदलतो. म्हणून पेटीचे तापमान खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. या मर्यादेचा खरा अर्थ अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील मिरजगावसारख्या ठिकाणी कळतो. अहिल्यानगर–सोलापूर मार्गावरील हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. उन्हाळ्यात येथे पारा ४०° से. च्या वर जातो. हवा कोरडी आणि धुळीची असते. पत्र्याच्या छपराखालील खोली बाहेरच्यापेक्षाही तापते. २०० वॉट शक्ती घेणाऱ्या संगणकाच्या पेटीतील हवा खोलीपेक्षा १०° से. हून अधिक तापू नये असे ठरविल्यास, पठारावरील उंची व उन्हाळा लक्षात घेता (हवेची घनता सु. १·०५ किग्रॅ./घ.मी.) तासाला सु. ६८ घ.मी. हवा पेटीतून जावी लागते. १२० मिमी. चा साधा पंखा मोकळ्यावर एवढी हवा सहज देतो. पण जाळी व धूळगाळणी पुढे आली की हा आकडा बराच खाली येतो. पंख्याच्या खोक्यावरील आकडा मोकळ्या हवेतला असतो, हे ग्राहकास सहसा सांगितले जात नाही.

अतिउष्णतेने प्रोसेसर जळतो, ही समजूत आता फारशी खरी नाही, ९०°–१००° से. च्या आसपास तो स्वतःचा वेग कमी करतो किंवा यंत्र बंद पाडतो. खरी झीज हळू व नकळत होते. विद्युत् विच्छेद्य धारित्रांचे आयुष्य दर १०° से. वाढीस साधारण निम्मे होते, आणि दीर्घकाळ तापणारी हार्ड डिस्क लवकर दगावण्याची शक्यता वाढते. सातबाराचे उतारे, पीक विम्याचे व प्रवेशाचे अर्ज भरून देणाऱ्या गावातील दुकानदाराचे काम ऐन उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्याच्या तोंडी वाढते. त्याच वेळी यंत्र बसले, तर हानी केवळ सुट्या भागांच्या किंमतीएवढी राहत नाही.

बसवणी : पंखे ८०, ९२, १२० व १४० मिमी. आकाराचे असून जाडी बहुधा २५ मिमी. असते. १२० मिमी. पंख्याच्या स्क्रूछिद्रांतील अंतर १०५ मिमी., तर ८० मिमी. पंख्याचे ७१·५ मिमी. असते. ज्या बाजूस चौकटीचे आडवे दांडे व नाममुद्रेची चकती असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. काही चौकटींवर बाणही असतात. ही खूण न पाहिल्याने समोरचा व मागचा असे दोन्ही पंखे हवा बाहेरच फेकत असल्याचे आढळते. विजेची जोडणी उलटी करून पंखा उलट फिरत नाही, उलट त्याचे मंडल बिघडू शकते. दिशा बदलण्यासाठी पंखाच फिरवून बसवावा लागतो.

धुळीच्या प्रदेशात आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी अधिक ठेवणे श्रेयस्कर होय. मग पेटीत किंचित अधिक दाब राहतो व फटींतून हवा बाहेर पडते. धूळ फक्त गाळणीतूनच येऊ शकते. उलट केवळ मागे पंखे लावल्यास प्रत्येक फट धूळ ओढते. समोर गाळणीसह दोन व मागे एक पंखा ही रचना पुरेशी असते. पंख्याचा वेग निम्मा केल्यास हवा निम्मी होते. पण आवाज सु. १५ डेसिबल उतरतो व शक्ती एक-अष्टमांश लागते. म्हणून एका वेगवान पंख्यापेक्षा दोन मंद पंखे बरे. बाजूचे झाकण काढून टेबल पंखा लावण्याची सार्वत्रिक सवय तापमान तात्पुरते उतरविते, परंतु महिन्याभरात उत्सर्जक पात्यांत धुळीचा थर बसून मूळ दुखणे वाढते. पाण्याच्या कूलरचा झोतही पेटीवर येऊ देऊ नये.

तारजोडणी : काम करण्यापूर्वी यंत्र बंद करून प्लग काढतात व पेटीच्या उघड्या धातूस हात लावून अंगावरील स्थिर विद्युत् घालवितात, कोरड्या ऋतूत हे विशेष आवश्यक असते. पंखे १२ व्होल्ट एकदिश विद्युत् दाबावर चालतात. तीन तारांपैकी पहिली ऋण, दुसरी धन १२ व्होल्ट व तिसरी वेगदर्शक असते. तिच्यातून प्रत्येक फेऱ्यास दोन स्पंद मदरबोर्डाकडे जातात. चौथी तार असल्यास तिच्यावरील सु. २५ किलोहर्ट्झच्या स्पंदांची रुंदी बदलून वेग नियंत्रित होतो. तीन तारांचा पंखा चार खिळ्यांच्या जोडणीवर चालतो, मात्र त्या जोडणीचे नियंत्रण विद्युत् दाबाच्या पद्धतीवर ठेवावे लागते; नाहीतर तो पूर्ण वेगाने फिरतो.

रंगांविषयी सावधगिरी हवी. तीन तारांच्या सामान्य पंख्यात तांबडी तार १२ व्होल्टची व पिवळी वेगदर्शक असते. शक्तिपुरवठ्याच्या चार खिळ्यांच्या जोडणीत पिवळी १२ व्होल्टची व तांबडी ५ व्होल्टची. रंगाला रंग जुळवून तारा पिळणाऱ्याच्या हातून वेगदर्शक तारेवर १२ व्होल्ट जातात आणि पंख्यातील ट्रँझिस्टर जळतो. मदरबोर्डाच्या एका जोडणीतून सामान्यतः १ अँपिअरपर्यंत प्रवाह घेता येतो. दुभाजक तारेने दोन-तीन पंखे जोडताना पंख्यांवरील अँपिअरांची बेरीज करून पहावी. दुभाजकात एकाच पंख्याची वेगदर्शक तार जोडलेली असते. दुसरा बंद पडल्याची सूचना मिळत नाही. प्रोसेसरच्या पंख्याची जागा पेटीच्या पंख्यास कधीही देऊ नये.

वीज गेल्यावर पंखे थांबून यंत्र बिघडते, ही भीती अनाठायी आहे. उष्णता निर्माण होणेही त्याच क्षणी थांबते. बुश बेअरिंगमधील वंगण मात्र उन्हाळ्यात लवकर आटते व पंखा घरघरू लागतो. येथे बॉल किंवा द्रवदाब बेअरिंगचा पंखा थोडा महाग असला, तरी परवडतो. उन्हाळ्यात गाळणी पंधरवड्याने धुऊन, पूर्ण वाळवून बसवितात. ब्लोअरने धूळ उडविताना पाती बोटाने धरून ठेवतात, कारण झोताने अतिवेगात फिरणाऱ्या पंख्याचे चलित्र जनित्राप्रमाणे वीज निर्माण करून मदरबोर्डाकडे पाठवू शकते.