पहिला कीबोर्ड : निवडीचे निकष आणि स्वरसंस्कार
(मुंबई उपनगरांतील नवशिक्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात)

सारांश : नवशिक्याने पहिले विद्युत् स्वरवाद्य निवडताना किंमत आणि ध्वनींची संख्या यांपेक्षा पट्ट्यांचा आकार, स्पर्शसंवेदन, स्वरजुळणी आणि शिक्षणाची दिशा यांना प्राधान्य द्यावे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. महाविद्यालयीन खरेदीसाठी किमान अपेक्षांची सूचीही लेखात दिली आहे.

बीजशब्द : कीबोर्ड, सिंथेसायझर, समविभाजित सप्तक, हार्मोनियम, श्रुती.

प्रस्तावना

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांत गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची तयारी करणारा विद्यार्थी आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पियानो अथवा कीबोर्ड परीक्षेस बसणारा विद्यार्थी एकाच इमारतीत राहत असण्याची शक्यता बरीच असते. दोघांचे पालक दुकानात जाऊन एकच मागणी करतात : ‘एक कॅसिओ दाखवा.’ एका उत्पादकाचे नाव अख्ख्या वाद्यप्रकाराला चिकटले आणि त्या नावाखाली निरनिराळी वाद्ये एकच समजली जाऊ लागली. या गोंधळातून चुकीचे वाद्य घरी येते, काही महिन्यांत कपाटावर जाते आणि ‘मुलाला गोडीच नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. युवा महोत्सवासाठी वाद्य खरेदी करणाऱ्या महाविद्यालयांतही अनेकदा हेच घडते. यास्तव या निवडीचा पद्धतशीर विचार आवश्यक ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पट्ट्यांचे वाद्य महाराष्ट्राला नवे नाही. संगीत नाटकांनी ऑर्गन आणि पायपेटी घरोघरी परिचित केली. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी हार्मोनियमला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. तथापि १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. पट्टीचा स्वर स्थिर असतो, त्यातून मींड निघत नाही आणि त्याची जुळणी रागाच्या स्वरांशी तंतोतंत मिळत नाही, हे प्रमुख आक्षेप होते. १९७१ मध्ये ही बंदी अंशतः शिथिल झाली. आक्षेप मात्र निकालात निघाले नाहीत. आज ते कीबोर्डलाही तितकेच लागू पडतात.

सिंथेसायझरचा मुंबईशी संबंध चित्रपटसंगीतातून आला. केरसी लॉर्ड यांनी १९७०च्या दशकात हे वाद्य हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आणले. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात ध्वनिमुद्रित केले. त्या वेळी फारसे न गाजलेले हे ध्वनिमुद्रण २०१० मध्ये पुनःप्रकाशित झाल्यावर जगभर चर्चेत आले. निर्जीव म्हणून हिणवल्या गेलेल्या यंत्रावर रागविचार करता येतो, हे त्याने दाखवून दिले.

वाद्यप्रकारांतील भेद

१) ॲरेंजर कीबोर्ड : यात स्पीकर, शेकडो ध्वनी आणि तयार ठेके अंतर्भूत असतात. डाव्या हाताने स्वरसंघ धरला की यंत्र साथ करते. बाजारात ‘कॅसिओ’ म्हणून जे मागितले जाते ते बहुधा हेच.

२) डिजिटल पियानो : ८८ वजनदार पट्ट्या, मोजके ध्वनी. पाश्चात्त्य पियानोचे शिक्षण गंभीरपणे घेणाऱ्यास योग्य. मात्र त्याची लांबी सव्वा मीटरहून अधिक आणि वजन बहुधा दहा किलोंच्या पुढे असते. वन-रूम-किचनच्या घरात त्याची जागा आधी मोजावी लागते.

३) सिंथेसायझर : यात ध्वनी घडवला जातो. ऑसिलेटर मूळ कंपने निर्माण करतो, फिल्टर त्यातील काही कंपने गाळतो आणि एन्व्हलप ध्वनीचा उदय, स्थैर्य व अस्त ठरवतो. अनेक सिंथेसायझरांत स्पीकर नसतो आणि काहींत एका वेळी एकच स्वर वाजतो. ध्वनिनिर्मिती हाच ज्याचा विषय आहे त्यालाच हे पहिले वाद्य म्हणून शोभते.

४) मिडी कंट्रोलर : याला स्वतःचा आवाज नसतो. संगणकाला अथवा भ्रमणध्वनीला जोडल्याशिवाय ते मुकेच राहते. १९८३ मध्ये रूढ झालेल्या मिडी या संकेतप्रणालीमुळे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे परस्परांशी बोलू शकतात.

निवडीचे निकष

पट्ट्यांची संख्या व आकार : हार्मोनियमची साधारण तीन ते साडेतीन सप्तके एका हाताच्या वादनास पुरतात. दोन्ही हातांनी वाजवण्यासाठी ६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तके, हे किमान प्रमाण मानावे. लहान आकाराच्या पट्ट्या टाळाव्यात. त्यांवर बसलेली बोटांची सवय मोठ्या वाद्यावर पुन्हा मोडावी लागते. ६१ पट्ट्यांचे वाद्य सुमारे ९५ सेंटिमीटर लांब आणि चार-पाच किलो वजनाचे असते. गर्दीची वेळ टाळल्यास ते लोकलनेही नेता येते.

स्पर्शसंवेदन : प्रत्येक पट्टीखाली सामान्यतः दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी दाबताना त्यांच्या जुळण्यातील कालांतर यंत्र मोजते. अंतर कमी तर आघात जोराचा, असे गणित असते. ही सोय नसलेल्या वाद्यावर हळू वाजवा की जोरात, आवाज एकसारखाच येतो आणि विद्यार्थी लहान-मोठ्या आवाजाचा विचार करणेच सोडून देतो.

स्वरजुळणी : हा निकष सर्वांत दुर्लक्षित आहे. कीबोर्डमध्ये सप्तकाच्या १२०० सेंटचे १२ समान भाग केलेले असतात. त्यामुळे षड्जापासून शुद्ध गांधार ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्यातून सहज उमटणारा गांधार मात्र ५:४ या गुणोत्तराचा, म्हणजे सुमारे ३८६ सेंटचा असतो. १४ सेंटांचा हा फरक तयार कानाला खटकतो. पंचमात तो केवळ दोन सेंटांचा असल्याने जाणवत नाही. भैरवाचा अतिकोमल ऋषभ अथवा दरबारीचा आंदोलित गांधार तर एका पट्टीत मावतच नाही. डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींचे हार्मोनियम घडवले ते याच मर्यादेवर उपाय म्हणून. काही कीबोर्डमध्ये प्रत्येक स्वर सेंटांनी वर-खाली करण्याची सोय असते. गायनाच्या विद्यार्थ्याने ती आवर्जून पाहावी. पिच बेंड चाकाने मींडेचा आभास होतो; मात्र ते वाजत असलेले सर्व स्वर एकत्र सरकवते.

ट्रान्सपोज : ‘काळी चार’ची गायिका आणि ‘पांढरी एक’चा गायक यांची साथ एकाच बोटस्थितीत करता यावी, यासाठी ही कळ असते. स्केलचेंजर हार्मोनियम हेच काम यांत्रिक पद्धतीने करते. कार्यक्रमात ती उपकारक आहे. रियाजात तिच्यावर विसंबल्यास अन्य पट्ट्यांतून वाजवण्याचे कौशल्य येत नाही. तयार ठेक्यांचेही असेच आहे : ते लयीला आधार देतात, पण सततच्या आधाराने लय आतून घडत नाही.

जोडण्या व निगा : हेडफोनची सोय दाट वस्तीत अत्यावश्यक होय. पेडल व यूएसबीची जोडणी असावी. पावसाळ्यातील दमट हवेत संपर्कबिंदू बिघडू शकतात. म्हणून वाद्य झाकून ठेवावे आणि जवळपास दुरुस्तीची सोय आहे ना, हे खरेदीपूर्वी विचारावे.

महाविद्यालयीन खरेदी

दरपत्रके मागवताना केवळ ‘कीबोर्ड – १ नग’ असे लिहिल्यास सर्वांत स्वस्त, बहुधा स्पर्शसंवेदनरहित वाद्य पदरी पडते. मागणीपत्रात पुढील बाबी स्पष्ट नमूद कराव्यात : पूर्ण आकाराच्या ६१ पट्ट्या, स्पर्शसंवेदन, सूक्ष्म स्वरजुळणी, ट्रान्सपोज, पिच बेंड, पेडलची जोडणी, ध्वनिक्षेपकास जोडण्याची सोय, स्टँड, पिशवी आणि हमीपत्र. ध्वनींची संख्या हा निकष नसावा. सहाशे ध्वनींपैकी नवशिक्या पाच-सहाच नियमित वापरतो.

निष्कर्ष

पियानो शिकायचा असल्यास डिजिटल पियानो, सुगम संगीत व वाद्यवृंदासाठी ॲरेंजर कीबोर्ड, ध्वनिनिर्मितीसाठी सिंथेसायझर, आणि रागसंगीताच्या गायनासाठी आधी तानपुरा व हार्मोनियम, त्यानंतर कीबोर्ड, असा क्रम सुचवता येईल. पहिल्या वाद्यावर विद्यार्थ्याचे बोट बसते, तसाच कानही बसतो. बोटाची सवय पुढे बदलता येते. कानाने एकदा प्रमाण मानलेला गांधार बदलणे त्याहून कठीण असते. म्हणून खरेदीपूर्वी, विद्यार्थ्याला कोणते संगीत शिकायचे आहे, हे शिक्षक व पालकांनी त्याच्याकडूनच जाणून घ्यावे आणि किमतीचा विचार त्यानंतर करावा.