लेखांक ७ : किल्ली ज्याच्याकडे, आदेश त्याच्यावर

गेल्या आठवड्यात आपण सार्वजनिक आणि खासगी किल्ल्यांची जोडी कशी चालते ते पाहिले. सार्वजनिक किल्ली कोणालाही द्यायची, खासगी मात्र जिवापाड जपायची. पण सरकारने कंपनीकडे ही खासगी किल्लीच मागितली तर? २०१३ साली अमेरिकेत तसे घडले.

टेक्सासमधील डॅलसचे लॅडर लेव्हिसन २००४ पासून ‘लाव्हाबिट’ ही ई-मेल सेवा चालवत होते. तिची चार लाखांवर खाती होती आणि त्यांतले एक एडवर्ड स्नोडेन यांचे होते. अमेरिकी हेरगिरीचा तपशील स्नोडेन यांनीच फोडल्याचे जूनमध्ये जाहीर झाले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला न्यायालयाचा आदेश निघाला : एका खात्यावरून कोणाला टपाल जाते आणि कोणाकडून येते, ही माहिती एफबीआयला मिळावी. ते खाते कोणाचे, याची वाच्यता करायलाही लेव्हिसन यांना मनाई होती.

एका खात्यावर पाळत ठेवायला लेव्हिसन यांची हरकत नव्हती. असे आदेश त्यांनी पूर्वी पाळले होते. पण जुलैत वॉरंट आले ते थेट सर्व्हरच्या खासगी किल्लीसाठी. घोळ इथेच होता. ग्राहकाचा संगणक आणि लाव्हाबिटचा सर्व्हर यांच्यातली सगळी वाहतूक या एकाच किल्लीच्या भरवशावर गुप्त राहत होती. खाते एकाचे हवे असले, तरी किल्ली दिली की चार लाख ग्राहकांचे पासवर्ड आणि पत्रे वाचता येणार. हव्या त्या खात्याची माहिती आपणच काढून देऊ, असा प्रस्ताव लेव्हिसन यांनी सुमारे साडेतीन हजार डॉलर खर्च सांगून मांडला. सरकारला माहिती तत्क्षणी आणि स्वतःच्या यंत्रावर हवी होती. प्रस्ताव फेटाळला गेला.

२ ऑगस्टला लेव्हिसन यांनी किल्ली दिली, पण कागदावर छापून : ११ पाने, ४ पॉइंटची अक्षरे, धड वाचता न येणारी. न्यायालयाने ५ ऑगस्टपासून रोज ५,००० डॉलर दंड लावला. दोन दिवसांनी त्यांनी किल्ली संगणकीय स्वरूपात सोपवली आणि ८ ऑगस्टला सेवाच बंद केली. दुसऱ्या दिवशी ‘सायलेंट सर्कल’ या कंपनीने कोणताही आदेश आलेला नसताना आपली ई-मेल सेवा गुंडाळली. एप्रिल २०१४ मध्ये अपील न्यायालयाने लेव्हिसन यांच्यावरील न्यायालयाच्या बेअदबीचा ठपका कायम ठेवला; पण सरकार अशी किल्ली मागू शकते का, या मूळ प्रश्नात ते शिरलेच नाही. लेव्हिसन यांनी तो मुद्दा खालच्या न्यायालयात नीट मांडला नव्हता, असे कारण दिले.

लेव्हिसन यांच्या धैर्याबद्दल शंका नाही. पण सेवेची रचनाच अशी होती की, मालक कितीही सचोटीचा असला तरी सर्वांची किल्ली त्याच्याकडे होती. अभियंत्यांनी यातून धडा घेतला. आता प्रत्येक जोडणीसाठी वेगळी, तात्पुरती किल्ली तयार होते आणि काम संपताच टाकून दिली जाते. इंटरनेटवरची वाहतूक गुप्त ठेवणाऱ्या टीएलएस १.३ या २०१८ च्या मानकात तर ही पद्धत सक्तीची झाली. सर्व्हरची कायमची किल्ली उद्या कोणाच्या हाती लागली, तरी कालची साठवलेली वाहतूक तिने उघडत नाही. ‘सिग्नल’सारख्या सेवांत संदेश उघडणाऱ्या किल्ल्या फक्त वापरणाऱ्यांच्या फोनमध्ये असतात. लाव्हाबिटला आदेश देणारे न्यायालय पूर्व व्हर्जिनियातले होते; तिथूनच २०१६ मध्ये सिग्नलकडे माहिती मागितली गेली. कंपनीने आदेश पाळला, पण देण्याजोगे तिच्याकडे काय होते? खाते उघडल्याची वेळ आणि शेवटच्या जोडणीचा दिवस.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार सरकार माहिती उलगडून देण्याचा आदेश काढू शकते. सहकार्य नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून कंपनीच्या जाहिरातीपेक्षा किल्ली कुठे आहे ते पाहा. व्हॉट्सॲपचे संदेश एन्क्रिप्टेड असतात, पण बॅकअपचे एन्क्रिप्शन सेटिंगमध्ये जाऊन स्वतः सुरू करावे लागते. ते आजच करा आणि पासवर्ड नीट जपून ठेवा. तो हरवला, तर कंपनीलाही तुमचा बॅकअप उघडून देता येणार नाही.